माडीवरून दिसणारी गर्दी

माझ्या पहिल्या कादंबरीत जत्रेचे एक प्रकरण आहे. ती कादंबरी फारशी कोणी वाचलेली नाही. तेव्हा ते प्रकरण वाचकांना आठवत असेल असे मी धरून चालत नाही. परंतु ज्या थोड्यांनी वाचली त्यांनी नेमकी त्याच प्रकरणाची वाखाणणी केली. समूहमनाचे प्रत्ययकारी चित्रण, अशा अर्थाचे काहीतरी एका परीक्षणात आले होते आणि ते कात्रण मी बरीच वर्षे पाकिटात बाळगले. प्रकरण असे आहे : देवीच्या अरुंद वाटेवर दाटी होते, कोणीतरी ओरडते, आणि क्षणार्धात सगळ्यांचे माणूसपण गळून पडते. हजार तोंडांचे एकच जनावर उधळते आणि स्वतःचीच पिले पायांखाली तुडवते. हे वाक्य उतरले त्या रात्री मला झोप लागली नव्हती, इतका मी स्वतःवर खूश होतो.

पुढे एकदा तालुक्याच्या वाचनालयात माझे भाषण झाले. भाषण संपले, हारतुरे झाले, चहा आला, आणि साठीच्या पुढच्या एक बाई चहाच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमचं पुस्तक नातीनं वाचून दावलं. मी बी सापडले व्हते आशाच एका जत्रंत. पर आमी काय जनावरं न्हवतो वो."

मग त्यांनी सांगितले ते असे. हात वर करायला जागा नव्हती. पाय भुईला टेकत नव्हते. कडेवर दोन वर्षांची मुलगी. मागच्या कोणा माणसाने दोन्ही हात समोरच्या भिंतीला लावले, सगळा रेटा पाठीवर घेतला, आणि त्याच्या हातांच्या मध्ये जी वीतभर पोकळी झाली तीत या मायलेकी राहिल्या. "पोरीला वर धर, बाई," एवढेच तो बोलला. मुलीला लोकांनी डोक्यांवरून हातोहात बाहेर काढले. "त्याचं त्वांड काय दिसलं न्हाई. जगला का मेला, ठावं न्हाई. जिनं पुस्तक वाचून दावलं ना, ती त्याच पोरीची पोर."

मी त्या बाईंना काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा दिलेच नसावे. त्यांनी माझ्यावर राग धरला नव्हता. पण त्या जाताना माझ्या पाकिटातले कात्रण मला जड झाले होते. प्रस्तुत लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर होय.

प्रथम प्रश्न असा की, ते जनावर मी आणले कोठून? मी कधी चेंगराचेंगरीत सापडलो नव्हतो. मॅट्रिक होऊन शाळेत शिरलो तो तेथेच राहिलो. माझ्या रोजच्या पाहण्यातली गर्दी म्हणजे मधल्या सुटीची घंटा. तीतले प्रत्येक तोंड मला नावानिशी ठाऊक असते, आणि कोण कोणाचा हात धरून जिना उतरतो हेही ठाऊक असते. तेथे मला जनावर कधी दिसले नाही. ते मी वाचनातून उचलले, आणि माझ्यासारख्या पुष्कळांनी तेथूनच उचलले असावे.

एमिल झोलाची 'जेर्मिनाल' ही कादंबरी १८८५ साली प्रसिद्ध झाली. उत्तर फ्रान्समधील कोळशाच्या खाणींवरचा संप हा तिचा विषय. तिच्या पाचव्या भागात उपाशी संपकऱ्यांचा जमाव एका खाणीवरून दुसऱ्या खाणीवर जातो, दोर तोडतो, बॉयलर विझवतो, आणि भाकरी मागत रस्त्यावरून धावत सुटतो. गर्दीचे वर्णन करू पाहणाऱ्या कोणाही लेखकावर या पानांची सावली पडतेच. परंतु ही पाने पुन्हा वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी पहिल्या वाचनात निसटली होती. तो जमाव धावत जाताना आपण पाहतो कोणाच्या डोळ्यांनी? खाणीच्या व्यवस्थापकाची पत्नी, एक इंजिनिअर आणि सुखवस्तू घरांतल्या काही मुली आडोशाला लपून बाहेर पाहत असतात. सूर्य मावळत असतो. त्या लाल उजेडात त्यांना समोर माणसे दिसत नाहीत. आपल्यावर उद्या कोसळणारी क्रांती दिसते. तो पशू, तो लोंढा, ते रक्त हे सगळे त्या आडोशातून दिसलेले आहे.

झोलाचे मोठेपण असे की, या पानांपूर्वी त्याने आपल्याला त्याच माणसांच्या घरांत नेऊन बसवलेले असते. त्यांच्या चुलीवर काय शिजते, एका खोलीत किती जण झोपतात, उधारी देताना दुकानदार त्यांच्या बायकामुलींकडे काय मागतो, हे आपण पाहिलेले असते. म्हणून पुढे त्या दुकानदाराच्या प्रेताची बायका जी विटंबना करतात ती अंगावर काटा आणणारी असली तरी आंधळी वाटत नाही. तिचा हिशेब आधीच मांडलेला असतो. आम्ही अनुकरण करणाऱ्यांनी काय केले? आडोसा तेवढा घेतला आणि घरे सोडून दिली.

'जेर्मिनाल'नंतर दहा वर्षांनी, १८९५ साली, ग्युस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच गृहस्थाचे समूहमनावरील पुस्तक निघाले. १८७१ सालच्या पॅरिस कम्यूनची धास्ती ज्या वर्गाच्या मनातून गेली नव्हती, त्या वर्गाचे ते पुस्तक आहे. गर्दीत शिरलेला माणूस सुधारणेच्या पायऱ्या उतरून खाली येतो, त्याचे स्वत्व लोपते, भावना साथीच्या रोगासारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे त्याचे प्रतिपादन. पुढे पाऊणशे वर्षे हेच शास्त्र म्हणून चालले. परंतु सनांचा क्रम नीट पाहावा. चित्र आधी कादंबरीत आले आणि सिद्धांत मागून आला. तेव्हा आम्ही कादंबरीकार शास्त्राचे बोट दाखवून सुटू शकत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो संगणकाच्या धंद्यात आहे. बोलता बोलता मी त्या बाईंची हकीकत सांगितली, तेव्हा त्याने आपले यंत्र उघडून मला एक खेळ दाखवला. पडद्यावर एक खोली, तिला एकच दार, आणि आत दोनशे ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक इष्ट दिशा आणि एक इष्ट वेग दिलेला. दुसरा ठिपका किंवा भिंत जवळ आली की त्याला दूर लोटणारा एक जोर. डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार यांनी १९९५ साली ही कल्पना मांडली. २००० साली हेल्बिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीत अंगाला अंग घासल्याचा आणि दबल्याचा जोर मिळवून घाबरलेल्या गर्दीचे गणित केले. माझ्या विद्यार्थ्याने ठिपक्यांचा वेग वाढवला, तसे ते दाराशी कमानीसारखे अडकले आणि आधीपेक्षा सावकाश बाहेर पडू लागले. घाईने उशीर होतो हे मी वर्गाच्या दारात वीस वर्षे ओरडून सांगत आलो आहे. ते पडद्यावर सिद्ध झालेले पाहून मला मोठे समाधान वाटले.

मग मी विचारले, "यांत कोण कोणाचे?"

"म्हणजे, सर?"

"अरे, यांतली आई कोणती आणि पोर कोणते? एका गावचे कोण आहेत? एका दिंडीतले?"

तो हसून म्हणाला, "सर, ते ठिपके आहेत."

मला हसू आले नाही. माझ्या प्रकरणातही ठिपकेच होते. मी त्यांना विशेषणे चढवली होती इतकेच.

विद्यार्थी मात्र प्रामाणिक. त्याने महिन्याभरात मला लांबलचक पत्र लिहून कळवले की, माझा प्रश्न वेडगळ नव्हता. मानसशास्त्रज्ञांनी तो गणितवाल्यांना आधीच विचारलेला आहे. इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठात ॲन टेम्पल्टन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली अशा नमुन्यांची झाडाझडती घेतली. बहुतेकांत गर्दी म्हणजे एकतर सुटीसुटी माणसे, नाहीतर लहान लहान टोळकी. सगळ्या गर्दीला मिळून 'आपण' वाटते ही गोष्ट नमुन्यात कोठेच नाही. २०१८ साली त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एकसारख्या टोप्या देऊन, तुम्ही सगळे एका विषयाचे, अशी जाणीव करून दिली आणि त्यांचे चालणे पडद्यावर मोजले. ते इतरांपेक्षा सावकाश चालले, एकमेकांच्या जवळ राहिले, आणि त्यासाठी थोडे वाकडे चालणेही त्यांनी पत्करले. म्हणजे 'आपण' ही केवळ मनातली भावना नसून ती पावलांतही उतरते. ज्याने पालखीबरोबर एक मजल चालून पाहिली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. तथापि ते मोजले गेले, हे बरे झाले.

मराठीला हा भेद पूर्वीपासून ठाऊक आहे असे मला वाटते. फलाटावर असते ती गर्दी. पोलीस पांगवतात तो जमाव. आणि एका ओढीने जमतो तो मेळा. गर्दीचा मेळा केव्हा होतो, हाच या नव्या मानसशास्त्राचा प्रश्न आहे. जॉन ड्रुरी आणि त्याच्या सोबत्यांनी ७ जुलै २००५ च्या लंडनमधील बाँबस्फोटांतून वाचलेल्यांच्या हकीकती गोळा केल्या. भुयारी गाडीच्या अंधारात, एकमेकांना मुळीच न ओळखणाऱ्या माणसांत, ढकलाढकलीपेक्षा मदतीच्याच गोष्टी कितीतरी जास्त निघाल्या. संकट सर्वांवर एकदम आले आणि परके एका क्षणात आपले झाले. त्याच महिन्याच्या २६ तारखेला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री अनोळखी घरांत चहा आणि कोरडे कपडे मिळालेली माणसे आजही ती गोष्ट सांगतात. लंडनच्या संशोधनाचा मुंबईकरांना वेगळा पुरावा नको.

मग माणसे मरतात ती कशाने? येथे आपली भाषा माझ्याहून शहाणी निघाली. इंग्रजीत अशा घटनेला जो शब्द वापरतात तो मुळात गुरांच्या उधळण्याचा आहे. आपला शब्द 'चेंगराचेंगरी'. त्यात कोणी उधळत नाही, कोणी पळत नाही. जागा नसते आणि अंगे दबतात, एवढेच तो सांगतो. आणि खरोखर घडते ते तसेच. एका चौरस मीटरात सातएक माणसे झाली म्हणजे ती गर्दी पातळ पदार्थासारखी वाहू लागते, तीतून लाटा जातात, माणसे आपल्या पायांनी चालत नाहीत. लोखंडी कठडे वाकतात. पुष्कळ जण उभ्या उभ्या, छातीला फुगायला जागा नाही म्हणून मरतात. मागच्यांना पुढचे दिसत नाही. गर्दीला पूर म्हणणारा लेखक शरीरापुरता खरा असतो, मनापुरता खोटा.

२५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीला सुमारे तीनशे भाविक गेले. अरुंद चढण, दोहो बाजूंनी दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि मग आग. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, मुंबईत एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पुलावर पावसाने थबकलेल्या गर्दीत २३ जण गेले. फूल पडल्याचे कोणी म्हणाले आणि पूल पडला असे लोकांना ऐकू गेले, अशी हकीकत त्या वेळी छापून आली होती. गोष्ट लिहिणाऱ्याला असा श्लेष सापडला म्हणजे त्याला पुलाची रुंदी मोजण्याचे भान राहत नाही. परंतु नंतर उपाय काय केला? लष्कराकडून तेथे दुसरा पूल बांधून घेतला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला केला. गर्दीचे मन सुधारण्याचा वर्ग कोणी काढला नाही. उपायावरून रोग ओळखावा.

या जनावराचा मला आज धाक वाटतो तो याचसाठी. गर्दी जनावर होती असे म्हटले की ज्याने वाट अरुंद ठेवली तो सुटतो. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथे हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षक चेंगरले. अखेरीस मृतांची संख्या ९७ झाली. दारू प्यालेल्या दांडग्या प्रेक्षकांनीच हे ओढवून घेतले, ही कथा पहिल्या काही दिवसांतच पसरली. बाहेरची दाटी कमी करायला फाटक उघडले आणि आतल्या भरलेल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा कोणी अडवला नाही, ही गोष्ट तिच्याखाली दबली. प्रेक्षकांचा काही दोष नव्हता, असे ज्यूरीने म्हणायला २०१६ साल उजाडले. सत्तावीस वर्षे त्या आईबापांनी, आमची मुले जनावरे नव्हती, एवढे एकच वाक्य सिद्ध करण्यात घालवली. त्या वाचनालयातल्या बाई ते मला एका मिनिटात सांगून गेल्या.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमची गर्दी फार सोज्वळ झाली. दंगल, जाळपोळ, ठेचून मारणे हे काय ठिपके करतात? आक्षेप रास्त आहे. परंतु मला वाटते, येथेच नवे मानसशास्त्र ल बाँपेक्षा कडक आहे. २ एप्रिल १९८० रोजी ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स या वस्तीत पोलिसांनी एका कॅफेवर छापा घातला आणि दंगल उसळली. स्टीफन रायशर याने तिचा बारकाईने अभ्यास करून १९८४ साली निष्कर्ष मांडले. दगड पडले ते पोलिसांवर. बँकेसारख्या इमारती फुटल्या. वस्तीतली घरे बहुतेक वाचली. पोलीस वस्तीबाहेर गेले तेव्हा लोक त्यांच्यामागे लागले नाहीत. कोणी तर रस्त्यावर उभे राहून वाहनांना वाट करून देत होते. गर्दीला मर्यादा होती आणि ती तिची तिनेच घातलेली होती. आता ज्याला मर्यादा घालता येते त्याला जाब विचारता येतो. जनावराला जाब कोण विचारणार?

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ साली महाराष्ट्रात गावोगावी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकर यांची १९६४ सालची कादंबरी त्या दिवसांवर आहे आणि तिचे नाव 'वावटळ'. माडगूळकरांविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो 'बनगरवाडी'तल्या मास्तरमुळे काकणभर जास्तच असेल. तरी त्या नावापाशी मी अडखळतो. वावटळीला घरे निवडता येत नाहीत. त्या दिवसांत घरे निवडली गेली. एक जळाले आणि त्याला लागून असलेले राहिले. तेथेही एक 'आपण' होते, आणि कोण 'आपण' नाही याची यादी होती. दुसऱ्या बाजूने पाहिले तर ते नाव चुकीचेही नाही. ज्याच्या घरावर ती येते त्याला ती वावटळच. त्या घरातून लिहिणाऱ्याने दुसरे नाव का द्यावे? भोगणाऱ्याला निसर्गाच्या उपमेचा अधिकार आहे. अलिप्तपणे दुरून पाहणाऱ्याला तो आहे काय, हा माझा प्रश्न आहे. आणि मी जत्रेचे प्रकरण लिहिले तेव्हा दुरूनच पाहत होतो.

टॉलस्टॉयने 'युद्ध आणि शांती'त हा प्रश्न कायमचा मांडून ठेवला आहे. नेपोलियन मॉस्कोच्या दाराशी आला असता राज्यपाल रस्तोपचीन याच्या वाड्यापुढे लोक जमतात. ते गोंधळलेले आहेत, त्यांना कोणीतरी काही सांगायला हवे आहे. रस्तोपचीन व्हेरेश्चागिन नावाच्या बेड्या घातलेल्या तरुणाला पुढे आणवतो आणि, हाच देशद्रोही, याला मारा, असे ओरडतो. लोक हलत नाहीत. तो पुन्हा ओरडतो. लोक मारत नाहीत म्हणून अखेर शिपायाला हुकूम होतो, पहिली तलवार त्याची पडते, आणि मग बांध फुटतो. काम झाल्यावर तेच लोक त्या प्रेताकडे कळवळून पाहतात. रस्तोपचीन मागच्या दाराने गाडीत बसून निघतो आणि आपण हे लोकहितासाठी केले अशी मनाची समजूत घालतो. टॉलस्टॉय गर्दीला निर्दोष म्हणत नाही. पण तो आपली नजर चौकात ठेवतो, आणि तेथून माडीही पाहतो.

गर्दीत उभे राहून लिहिणे म्हणजे तिची आरती करणे नव्हे. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी त्यावर लिहिले. एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे जेवायला जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिले आणि त्याचे दुःख लपवले नाही. माडीवरून पाहिले असते तर भक्तीचा सागर दिसला असता. आत होत्या म्हणून पंगती दिसल्या. वारीतलीच आणखी एक रीत मला फार बोलकी वाटते. मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो, आणि मगच ते टाळ बंद होतात. एवढ्या मोठ्या मेळ्यात एका दिंडीचे गाऱ्हाणे ऐकू यावे अशी ही सोय आहे. ज्याला गर्दीचा नमुना करायचा असेल, मग तो संगणकावर करो की कादंबरीत, त्याने त्या शांततेत कोणाचे टाळ अजून वाजत आहेत, हे कान देऊन ऐकावे.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघण्याचा योग दिसत नाही, म्हणून तिची दुरुस्ती येथे छापतो. जत्रेचे प्रकरण मी पुन्हा लिहिले आहे. जनावर काढून टाकले. वाटेची रुंदी हातांनी मोजून आलो आणि ती घातली. तिच्यावर दुकाने मांडू देणाराही आता प्रकरणात आहे. ज्याने दोन्ही हात भिंतीला लावले तो माणूसही आहे. त्याचा चेहरा लिहिण्याचा मोह मला अनेकदा झाला. पण बाईंना तो दिसला नव्हता. तेव्हा हात तेवढे लिहिले.